सिरीज दिव्याला न दिसणारा कंडेन्सर

जामखेड, कर्जत, पाथर्डी असो की पारनेरचे पठार, उन्हाळ्यात बोअरची मोटार नुसती घूं घूं करू लागली, उचलेनाशी झाली, की पॅनेल उघडायचे, कंडेन्सर काढायचा आणि सिरीज दिव्याला लावून पाहायचा, ही रीत अहिल्यानगर जिल्ह्यात ठरून गेली आहे. दिवा लागला तर कंडेन्सर ठीक, नाही लागला तर गेला. ठीक ठरला की संशय मोटारीवर जातो आणि शंभर-दीडशे मीटर खोल सोडलेली मोटार चेनपुलीने वर काढण्याचा खटाटोप सुरू होतो. या दिव्याची साक्ष किती खरी, याचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. १०० वॅटचा पिवळा दिवा पेटलेला असताना साधारण ५२९ ओहम अडथळा दाखवतो. १ एचपीच्या पाणबुडी मोटारीला रनिंगसाठी बहुधा लागणारा ३६ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेला ८८ ओहम अडथळा करतो. दोघे एकामागे एक जोडले तरी बेरीज ६१७ होत नाही. कंडेन्सरमधला करंट व्होल्टेजच्या पाव फेरा पुढे पळत असतो, त्यामुळे बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी करावी लागते आणि ती ५३६ ओहम येते. आता हाच कंडेन्सर खंगून २० मायक्रोफॅराडवर आला असे धरा. त्याचा अडथळा १५९ ओहम झाला, कर्ण ५५२. म्हणजे कंडेन्सरची जवळजवळ निम्मी ताकद गेली आणि दिव्यातला करंट जेमतेम ३ टक्क्यांनी कमी झाला. एवढा फरक कोणाच्याच डोळ्याला कळणार नाही. पिवळा दिवा मिळेना म्हणून काही ठिकाणी एलईडी बल्ब लावतात, ते तर आणखी फसवे. ते चिमूटभर करंटवरही उजळतात.

दिवा खोटे बोलत नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. कंडेन्सर आतून तुटला आहे का, एवढेच त्याला विचारता येते. मोटारीचा प्रश्न वेगळा असतो: ५० हर्ट्‌झला, तीनशे-साडेतीनशे व्होल्टच्या ताणाखाली हा कंडेन्सर मला किती करंट देणार? माझे म्हणणे एवढेच आहे की, विजेचा कोणताही भाग तपासताना यंत्र त्याला जो प्रश्न विचारते तोच मीटरनेही विचारावा. त्याच फ्रीक्वेन्सीला आणि शक्य तितक्या त्याच ताणाखाली. कारण बदलत्या विजेला होणारा अडथळा, ज्याला वर्कशॉपमध्ये इम्पीडन्स आणि मराठी परिभाषेत संरोध म्हणतात, तो त्या भागावर कायमचा छापून ठेवता येईल असा आकडा नाही. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तार-तंत्रज्ञाने १८८६ साली हा शब्द रूढ केला, तो नुसत्या रोधावर, म्हणजे रेझिस्टन्सवर, काम भागेना म्हणूनच. मोटारीचे वायंडिंग मल्टीमीटरवर ३ ओहम दाखवते. तोच त्याचा खरा अडथळा असता तर २३० व्होल्टला ७६ अँपिअर वाहिले असते आणि वायंडिंग क्षणात जळाले असते. मल्टीमीटर सेलची, एका दिशेची वीज सोडतो. त्याला तांब्याची तार दिसते, तारेच्या वेटोळ्यांनी उभे केलेले चुंबकत्व दिसत नाही. कंडेन्सरचे याच्या उलट: सेलच्या विजेला तो बंद दार आहे, ५० हर्ट्‌झला अर्धे उघडे आणि काही हजार हर्ट्‌झला सताड उघडे.

आता प्रत्यक्ष मोजणी. त्यासाठी लागणारा टंग टेस्टर बहुतेक वायरमनच्या पिशवीत आधीच असतो. मोटार चालू असताना रनिंग कंडेन्सरच्या एका वायरभोवती त्याचा जबडा अडकवा आणि करंट वाचा. त्याच वेळी कंडेन्सरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज वाचा. लाइनचे नव्हे, कंडेन्सरचे. ते लाइनपेक्षा बरेच जास्त असते, म्हणून मीटर आधीच ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. मग करंटला ३१८३ ने गुणा आणि व्होल्टेजने भागा. उत्तर मायक्रोफॅराडमध्ये येते. ३१८३ हा आकडा ५० हर्ट्‌झसाठीच आहे, त्यामुळे डिझेल जनरेटरवर चालणाऱ्या मोटारीला हा हिशेब लावू नका, तिथे फ्रीक्वेन्सी लोडबरोबर हलते. समजा, टोकांवर ३१० व्होल्ट आणि वायरमध्ये २.९ अँपिअर मिळाले. उत्तर ३० मायक्रोफॅराडला किंचित कमी. डब्यावर ३६ आणि अधिक-उणे ५ टक्के छापलेले असेल तर ३४.२ च्या खाली तो नापास; हा तर सहाव्या हिश्श्याने खाली आहे, आणि सिरीज दिवा त्याला बिनदिक्कत पास करील.

यावर पहिला आक्षेप शेतातूनच येतो: आमच्याकडे व्होल्टेज कधी २३० असते, कधी १८०; अशा विजेवर मोजलेल्याचा भरवसा काय? इथेच ही पद्धत उपयोगी पडते. व्होल्टेज पडले की करंटही त्याच प्रमाणात पडतो, भागाकार तोच राहतो. डीपीवर लोड वाढून लाइन हलत असेल तर दोन्ही वाचने शेजारी शेजारी, एकाच मिनिटात घ्या, एवढीच काळजी. एक चूक मात्र राहते आणि ती माहीत असलेली बरी. लाइनमध्ये पाचव्या हार्मोनिकचे, म्हणजे २५० हर्ट्‌झचे, ५ टक्के व्होल्टेज मिसळले असेल, तर कंडेन्सर त्याला पाचपट सलगी दाखवतो आणि तेवढ्यापुरता २५ टक्के करंट ओढतो. खऱ्या आरएमएसच्या मीटरवर एकूण करंट यामुळे सुमारे ३ टक्के जास्त दिसतो. म्हणजे कंडेन्सर आहे त्यापेक्षा थोडा चांगला भासतो. सीमेवरच्या कंडेन्सरला म्हणून सवलत देऊ नये. करंट फार लहान असेल तर वायरचे पाच वेढे जबड्यातून घ्या आणि वाचनाला पाचाने भागा. कंडेन्सर सुटा करून हाताळायचा असेल तर मेन बंद करून त्याची टोके १० किलोओहमच्या १० वॅटच्या रेझिस्टरने दहा सेकंद जोडून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाहण्याची सवय हाताला वाईट आणि कंडेन्सरलाही. त्या ठिणगीने आतले धातूचे जोड उखडतात, आणि तीवरून कंडेन्सर ३६ चा की २० चा हे कोणी सांगून दाखवावे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. कंडेन्सर मोटारीच्या मानाने मातीमोल, मग मोजत कशाला बसायचे, बदलून टाकावा. बदलावा, पण तीन गोष्टी लक्षात घेऊन. नवा कंडेन्सरही छापील आकड्याइतका असेलच असे नाही. बसवल्याबरोबर वरचाच हिशेब करून पाहा. दुसरे, घाईत ३६ च्या जागी ५० चा बसवला जातो, मोटार जोरात उचलते आणि सगळे खूश होतात. त्याच वेळी सहायक वायंडिंगमधून कायमचा जादा करंट वाहू लागतो. ती गरमी लगेच दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी वास येतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोटारीचे आजचे कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर धातूचा मुलामा देऊन केलेले असतात. व्होल्टेजच्या झटक्याने फितीला बारीक भोक पडले की त्याभोवतीचा मुलामा जळून जातो आणि जखम आपोआप बंद होते. ही सोय चांगली, पण प्रत्येक जखमेमागे थोडे क्षेत्रफळ कमी होते. म्हणून कंडेन्सर एका दिवसात जात नाही, तो झिजतो. वर्षात ३६ चा ३० झाला, तर लाइनवर झटके येताहेत किंवा पॅनेल उन्हात तापते आहे, ही बातमी त्या आकड्यात असते. न मोजता बदलला की बातमीही कंडेन्सरबरोबर भंगारात गेली.

थ्री फेज मोटारीला लावायच्या कंडेन्सरचा मामला वेगळा. महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे की पंपाला कंडेन्सर बसवा, म्हणजे डीपीवरचा भार हलका होईल आणि व्होल्टेज सुधारेल. ५ एचपीच्या मोटारीला साधारण २ केव्हीएआरचा बसवतात. अनेक ठिकाणी तो बसवलेला असतोही, पण चालू आहे की नुसता डबा लटकतो आहे, कोणी पाहत नाही. ४१५ व्होल्टला त्याच्या तिन्ही वायरींत प्रत्येकी सुमारे २.८ अँपिअर वाहिले पाहिजेत. व्होल्टेज ३६० असेल तर २.४. आत तीन कंडेन्सर त्रिकोणात जोडलेले असतात. त्यांपैकी एक उघडा पडला तर तिन्ही वायरी सारख्या राहत नाहीत: एकीत २.८ तसेच राहतात, उरलेल्या दोहोंत १.६ होतात. टंग टेस्टर तीनदा अडकवला की पेटी न उघडता निदान होते. कंडेन्सरच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. त्याचे काम व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. ३६० व्होल्टला २ केव्हीएआरचा डबा दीडच केव्हीएआरचे काम करतो. म्हणजे व्होल्टेज सर्वांत जास्त पडलेले असते, तेव्हाच त्याची मदत सर्वांत तोकडी. म्हणून काही तो निरुपयोगी ठरत नाही. त्याचा उपयोग फीडरवरच्या सगळ्यांनी लावण्यात आहे, एकट्याने चमत्कार होत नाही.

वायंडिंगकडे वळलो की मोजणीची खरी कसोटी लागते. नगरच्या एमआयडीसीत क्रॉम्प्टन ग्रीव्हज्‌च्या मोटारी आणि एल अँड टीचे स्विचगिअर अनेक वर्षे तयार झाले. कारखान्यात मोटार बाहेर पडण्याआधी तिच्या विजेच्या चाचण्या होतातच. तीच मोटार तालुक्याच्या गावी रिवायंडिंग होऊन परत जाते, तेव्हा बहुधा मल्टीमीटरवर तीन फेज सारखे दिसले एवढ्यावर भागते. समजा, एका फेजचे ३०० वेढे आहेत आणि त्यातले ३ एकमेकांना चिकटले. रोध १ टक्क्याने घटला. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे तो १ टक्का अडीच अंशांच्या फरकात लपतो; मोटारीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली तरी पुरे. बदलत्या विजेला मात्र हे ३ वेढे वेगळे दिसतात. ते शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यासारखे वागतात, आपल्यात मोठा करंट फिरवतात आणि त्या फेजचा संरोध खाली ओढतात. म्हणून १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या, फेजच्या जोड्यांना पाळीपाळीने तो द्या आणि व्होल्टेज भागिले करंट करून तीन आकडे मांडा. पाणबुडी मोटारीतून तीनच वायरी बाहेर येतात. स्टार जोडणीत बिघडलेला फेज दोन जोड्यांत येतो, त्यामुळे दोन वाचने खाली येतात आणि तिसरे चांगले असते. वेगळे दिसते तेच वाईट, असा उलटा अर्थ काढू नका.

रिवायंडिंग करणारा अनुभवी माणूस इथे हटकून विचारील की रोटर आत असताना ही परीक्षा कितपत चालते, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. रोटरचा पिंजरा स्वतःच शॉर्ट केलेले वेटोळे असतो. त्याच्या आवाजात तीन वेढ्यांची कुरकुर दबते, शिवाय रोटर कुठे थांबला आहे त्यावर आकडा थोडा हलतो. म्हणून वर्कशॉपमध्ये रोटर काढून, फक्त स्टेटरवर, त्याच १२ व्होल्टवर मोजणे अधिक बोलके. स्टेटरला रोटरशिवाय पूर्ण व्होल्टेज कधीही देऊ नये, हे सांगायला नको. रोटर आत ठेवूनच पाहायचे असेल तर शाफ्ट थोडा थोडा फिरवत प्रत्येक जोडीचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचन घ्या. रोटर कुठेही असला तरी जो फेज खालीच राहतो तो संशयित. मोटार बोअरमध्येच असताना पॅनेलपासून मोजले तर केबल मध्ये येते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, १५० मीटर खाली जाऊन परत येईपर्यंत २.२ ओहम होतात. हे वजा न करता काढलेला आकडा मोटारीचा नाही, अर्धा बोअरचा आहे. आणि यातले काहीही मेगरची जागा घेत नाही. वायंडिंगला जमीन लागली आहे का, हे मेगरनेच पाहावे.

नुसता संरोध कळला तरी त्यात रोध किती आणि चुंबकीय भाग, म्हणजे रिअॅक्टन्स, किती, हे कळत नाही. त्याला तीन व्होल्टेजची जुनी, स्वस्त युक्ती आहे. वायंडिंगच्या मागे १० ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर जोडा, १२ व्होल्ट द्या आणि तीन वाचने घ्या: एकूण, रेझिस्टरवरचे, वायंडिंगवरचे. समजा ती १२, ५ आणि ९ आली. ५ आणि ९ मिळून १४ होतात, १२ नव्हे; या तुटीतच कोन दडलेला असतो. संरोध १० गुणिले ९ भागिले ५, म्हणजे १८ ओहम. एकूणच्या वर्गातून उरलेल्या दोहोंचे वर्ग वजा करा, ३८ उरतात; त्याला ५ आणि ९ च्या गुणाकाराच्या दुपटीने, ९० ने भागा. ०.४२२ हा पॉवर फॅक्टर. त्यावरून रोध ७.६ ओहम, रिअॅक्टन्स १६.३ ओहम आणि इंडक्टन्स सुमारे ५२ मिलिहेन्री निघतो. युक्तीची खोडही पाहून ठेवा. एकूणचे वाचन फक्त १ टक्का चुकून ११.८८ आले, तर पॉवर फॅक्टर ०.३९ होतो, म्हणजे साडेसात टक्क्यांची चूक. १८ ओहम मात्र जागचे हलत नाहीत. तिन्ही वाचने एकाच मीटरने, एकाच रेंजवर घ्यावीत ती यासाठी.

मग एवढ्या खटपटीपेक्षा एलसीआर मीटर का घेऊ नये? इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक कामाला घ्यावाच. पण तो भागाला एखाद्या व्होल्टची वीज देऊन, १०० हर्ट्‌झ, १ किलोहर्ट्‌झ किंवा १०० किलोहर्ट्‌झला मोजतो. फितीच्या कंडेन्सरला याने फरक पडत नाही. लोखंडी गाभ्याच्या वेटोळ्याला पडतो, कारण लोखंडाचे चुंबकत्व कमी ताणाला वेगळे वागते. त्या आकड्यावरून ४१५ व्होल्टला मोटार काय करील हे ठरवणे चुकीचे. तीच गोष्ट उलट बाजूने सौर पंपाच्या कंट्रोलरला लागू होते. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली, त्यानंतर कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या योजना आल्या, आणि बांधाबांधावर नवी पेटी दिसू लागली. तिच्या आतले इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सर हजारो हर्ट्‌झला काम करतात. १००० मायक्रोफॅराडच्या कंडेन्सरचा स्वतःचा अडथळा १०० किलोहर्ट्‌झला ०.००१६ ओहम, म्हणजे नसल्यातच जमा. उरतो तो त्याचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात. आतले द्रावण सुकले की मायक्रोफॅराड अजून ऐंशी टक्के दिसतात आणि ईएसआर मात्र काही शतांश ओहमावरून एक ओहमावर गेलेला असतो. दर १० अंश तापमानवाढीला अशा कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याची पेटी दुपारभर उन्हात असते. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ओहम असतो, तेव्हा हे मोजायला चार वायरींचा, केल्विन क्लिपचा ईएसआर मीटर हवा. दोन वायरी करंट देतात, दोन व्होल्टेज वाचतात, आणि क्लिपचा रोध हिशेबाबाहेर राहतो. सौर पॅनेलची वीज तोडल्यावरही या कंडेन्सरमध्ये जीवघेणा चार्ज असतो. पेटीवर लिहिलेली वाट पाहण्याची वेळ पाळा आणि व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरवर खात्री करूनच हात घाला.

याच पेटीबाबत एक चूक होण्यासारखी आहे. विजेवरची जुनी मोटार सौर कंट्रोलरला जोडताना जुना २ केव्हीएआरचा कंडेन्सर तसाच मोटारीच्या टोकांवर राहून जातो. त्यातला प्रत्येक भाग १२.३ मायक्रोफॅराडचा, ५० हर्ट्‌झला त्याचा अडथळा २५९ ओहम, मोटारीला निरुपद्रवी. कंट्रोलर मात्र सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडत-जोडत असतो. ५ किलोहर्ट्‌झला तोच कंडेन्सर २.६ ओहम होतो आणि प्रत्येक तोडीला कंट्रोलरच्या ट्रान्झिस्टरना जवळजवळ शॉर्टसारखा झटका देतो. मोटार जोडण्याआधी हा कंडेन्सर सोडवून बाजूला ठेवा. कंट्रोलरच्या आउटपुटवर साध्या मीटरने घेतलेली व्होल्टेजची वाचनेही धरू नका.

घेतलेली वाचने वहीत लिहिली तर वही घरी राहते. पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड मार्करने तारीख, कंडेन्सरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि मायक्रोफॅराड लिहा. थ्री फेज असेल तर तिन्ही जोड्यांचे १२ व्होल्टवरचे आकडेही. वर्षातून दोनदा पुरे: रब्बीच्या पहिल्या पाण्याला मोटार जुंपण्याआधी एकदा, आणि विहिरी-बोअरची पातळी खाली जाऊन मोटार तासन्‌तास चालायच्या आत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला, दुसऱ्यांदा. झाकणावर ३६, ३५.५, ३४.८ अशी उतरण दिसली तर नवा कंडेन्सर बाजाराच्या दिवशी आणता येतो.